क्रेडिट म्हणजे उधारीच, मंडळी!

आज जरा भांडायचं आहे. माणसाशी नाही, एका शब्दाशी. ‘क्रेडिट’ हा तो शब्द.

त्याचं कूळ तसं चांगलं. लॅटिनमध्ये ‘क्रेडेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. त्यावरून ‘क्रेडिटुम’, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं, कर्जाऊ दिलेलं. पुढे सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला. गंमत म्हणजे आपली ‘श्रद्धा’ही त्याच मूळ धातूची, असं भाषाशास्त्र सांगतं. म्हणजे क्रेडिट आणि श्रद्धा चुलत भावंडं!

आता वापर बघा. पगाराच्या दिवशी मोबाइलवर ‘क्रेडिटेड’ असा मेसेज येतो. म्हणजे पैसे जमा. आणि क्रेडिट कार्डावर फ्रिज आणला की? पैसे देणं लागलो. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पैसे खात्यात असतात तेव्हा आपण बँकेवर विश्वास टाकलेला असतो, कार्ड वापरतो तेव्हा बँकेने आपल्यावर. पण एवढा विचार करतो कोण? कानाला दोन्हीकडे तोच गोड शब्द.

मराठीत ही सोय नाही, आणि ते बरंच आहे. आपल्याकडे पत वेगळी, उधारी वेगळी. पत कमवावी लागते, उधारी फेडावी लागते. ‘माझी लिमिट वाढली’ म्हणून फोन करणाऱ्या भाचरांनो, वाढली ती उधारीची मर्यादा. पगार होता तेवढाच आहे!

कुणी म्हणेल, पूर्ण बिल वेळेवर भरलं तर खरेदीवर व्याज पडत नाही. मान्य. तसं भरणाऱ्याला कार्ड सोयीचंच. माझं भांडण त्या ‘मिनिमम ड्यू’शी आहे. तेवढंच भरलं तर लेट फी टळते, व्याज टळत नाही. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. सरळ हिशेबाने वर्षाचे ४२ टक्के होतात! महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. आणि कार्ड? थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज नको, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. सावकार म्हटलं की आपण नाक मुरडतो, आणि क्रेडिट म्हटलं की खुशाल सही करतो. सगळी शब्दाची करामत.

‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही वापरली. त्यांना ऋण हा शब्द टोचायचा. ‘क्रेडिट’ टोचत नाही, म्हणून तर तो धोक्याचा.

तेव्हा नवीन नोकरीला लागलेल्या पोरांना एकच सांगणं. कार्ड ठेवा, पण घरात त्याला ‘उधार कार्ड’ म्हणा. ‘आई, उधार कार्डावर गोव्याला जाऊन येतो’ हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली, तर तिकीट काढू नका.

असो. पटत नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून. रोखीने :)