शब्दांचे कूळ : सिक्युरिटी

व्यापाऱ्याच्या बोलण्यात ‘सिक्युरिटी’ हा शब्द तीन अर्थांनी येतो : दारावरचा पहारा, कर्जासाठी दिलेले तारण आणि शेअरबाजारातील रोखे. या तिन्हींचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी; त्यांपासून ‘सेकुरुस’, अर्थात निश्चिंत, हा शब्द झाला. तोच फ्रेंचमध्ये रूप पालटून इंग्रजीत ‘शुअर’ म्हणून आला. ‘इन्शुरन्स’ हा त्याचाच वंशज.

म्हणजे हा शब्द मुळात कुलपाचा नव्हे, मनाच्या स्थितीचा आहे. शेक्सपिअरच्या काळी त्याचा ‘गाफीलपणा’ असाही एक अर्थ होता. संकट दाराशी आले असता निर्धास्त राहणारा मनुष्य तेव्हा ‘सिक्युअर’ म्हणविला जाई. पुढे तो अर्थ मागे पडला.

मराठीतील ‘तारण’ मात्र ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, या संस्कृत धातूपासून आले. ‘तीर्थ’ हा शब्दही त्याच धातूचा. तरून जाण्यात सावधपणा गृहीतच असतो. कागद तिजोरीत ठेवून स्वस्थ बसणारा धनको त्या जुन्या इंग्रजी अर्थाने ‘सिक्युअर’ होय. गहाण माल अधूनमधून स्वतः पाहून येणाऱ्यालाच तारण तारते.