आजीचा कागद

1961 च्या जनगणनेत देशात 32 लाखांवर बौद्धांची नोंद झाली. त्यात आमची आजीही होती. पण तिचा कागद आम्हाला पाहता येत नाही. 1948 च्या जनगणना कायद्याने घराघराची नोंद गोपनीय आहे. इंग्लंडमध्ये 1921 ची पाने 2022 साली खुली झाली. आपल्याकडे तशी सोय नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, 2027 च्या जनगणनेची प्रत घरीच ठेवा. 'ग्रॅम्प्स' या वंशावळीच्या मोफत संगणक प्रोग्रॅममध्ये आम्ही 'जनगणना' ही एकच नोंद करून घरातल्या सर्वांना जोडतो. तारीख, पत्ता, वय, शिक्षण, काम, धर्म जसे सांगितले तसेच लिहितो. जुन्या कागदाशी वय जुळले नाही, तरी खोडत नाही, दोन्ही ठेवतो. संगणक नसेल तर वही चालेल. नातवंडांना आपले नाव सापडले पाहिजे.