रक्त ‘आंबट’ होते का?

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींच्या घरांत एक नवे पथ्य शिरले आहे : ‘अल्कलाइन’ आहार. भात, पोळी, डाळ, चीज, मांस यांनी रक्त आंबट होते आणि त्यातून मधुमेह, संधिवात, अगदी कॅन्सरही होतो. म्हणून भाज्या-फळे खावीत आणि अल्कलाइन पाणी प्यावे, असे सांगतात. भाज्या-फळांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दिलेल्या कारणाबद्दल.

शाळेतला लिटमस कागद आठवत असेल. आम्लता पीएच या मापाने मोजतात; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो रात्रंदिवस सांभाळतात. जेवणाने बदलतो तो लघवीचा पीएच. तेव्हा पट्टीचा रंग बदलला म्हणजे शरीर शुद्ध झाले असे नव्हे. मूत्रपिंडे आपले काम करीत आहेत, एवढेच. मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्त खरोखर आम्ल झाले, तर तातडीने इस्पितळ गाठावे लागते. तिथे काकडीचा रस उपयोगाचा नाही. आणि आपण जिला ‘अॅसिडिटी’ म्हणतो, ती जठर-अन्ननलिकेची तक्रार, रक्ताची नव्हे.

कॅन्सरचा दावा तपासणारा आढावा २०१६ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. दाव्याला आधार मिळाला नाही. आम्लधर्मी आहाराने हाडे झिजतात, हेही संशोधनात सिद्ध झालेले नाही.

या पथ्याचे मोठे प्रचारक, ‘पीएच मिरॅकल’ पुस्तकाचे लेखक रॉबर्ट यंग, परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल कॅलिफोर्नियात २०१६ साली दोषी ठरले. त्यांच्या भरवशावर नेहमीचे उपचार टाळणाऱ्या एका कॅन्सरग्रस्त बाईला २०१८ साली ज्यूरीने १० कोटी ५० लाख डॉलर भरपाई दिली. पैसे मंजूर झाले. हातची गेलेली वेळ परत आली नाही.

मग यात खरे काहीच नाही का? आहे. भाज्या वाढल्या आणि तळलेले, खारवलेले पदार्थ कमी झाले की वजन आणि रक्तदाब सुधारतो. काही प्रकारच्या मुतखड्यांत लघवी अल्कलाइन करणारे औषध डॉक्टरच देतात. पण शाकाहारी घरात डाळ सोडली तर प्रथिने कुठून आणणार? मूत्रपिंडे अशक्त असतील तर फळांच्या रसातले पोटॅशियमही जड जाते. आणि चमचाभर खाण्याच्या सोड्यात दिवसभराच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक सोडियम असते. रक्तदाबवाल्यांनी हे विसरू नये.

आता खिशाकडे वळू. पाण्याची यंत्रे काही हजार डॉलरना विकली जातात, आणि विकणारा बरेचदा आपलाच ओळखीचा, साखळी-विक्रीत अडकलेला असतो. मुरवतीला नाही म्हणणे जड जाते. तरी ते पाणी जठरातल्या तीव्र आम्लात पोचते, हे ध्यानात ठेवावे. तेवढ्या पैशांत वर्षभराची ताजी भाजी येईल.

पालेभाजी, कोशिंबीर जरूर वाढवा. आमटी मात्र ताटातून काढू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.