मॅडम, स्किन खूप ऑयली आहे!

पार्लरच्या खुर्चीत बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘मॅडम, स्किन खूप ऑयली आहे तुमची. पिंपल्सपण आलेत. फेशियल करून टाका ना!’ आपण खरं तर फक्त थ्रेडिंगला आलेलो असतो. पण हातात रेटकार्ड येतं... फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड! आणि मुलांनो, हसू नका. युनिसेक्स सलूनमध्ये ‘मॅडम’च्या जागी ‘सर’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

पण तेलकट, पिंपल्सवाल्या चेहऱ्याला फेशियल मानवतं का?

आधी पिंपल येतो कसा ते बघू. त्वचेतल्या तैलग्रंथी सीबम नावाचं तेल तयार करतात. किती करायचं, हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. हे तेल आणि मृत पेशी एकत्र येऊन रंध्र बुजवतात. तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड, उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. (तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही.) आत जिवाणू वाढले, सूज आली की लाल, ठणकणारा पिंपल. थोडक्यात, कारखाना आत चालू असतो आणि आपण बाहेरचं गेट धुवत बसतो!

त्या एका तासात काय होतं?

क्लीन्सिंग ठीक. क्ले पॅकही ठीक, तो वरचं तेल काही तासांपुरतं शोषून घेतो. गडबड होते ती मधल्या पायऱ्यांत. दाणेदार स्क्रबनं सुजलेले पिंपल्स आणखी चिडतात. वाफेनं लाली वाढू शकते. आणि वीस मिनिटं जाड क्रीमचा मसाज? आधीच बुजलेल्या रंध्रांना आणखी काय हवं! १९७२ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकन संशोधकांनी कॉस्मेटिक्समुळे येणाऱ्या पिंपल्सना ‘ॲक्नी कॉस्मेटिका’ असं नावच दिलं होतं. म्हणजे ही तक्रार काही आजची नाही.

सगळ्यात जपायचं ते ‘काढण्याला’. ब्लॅकहेड्स स्वच्छ, निर्जंतुक साधनानं, शिकलेल्या हातानं काढले तर हरकत नसते. लाल किंवा पू झालेला पिंपल मात्र कुणालाही दाबू देऊ नका. दाबल्यावर सूज आत खोल जाते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मग काळे डाग राहतात आणि कधी कधी खड्डे.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत टीम लीड आहे. लग्नाच्या चार दिवस आधी ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये तिचे पिंपल्स असेच दाबून ‘साफ’ केले गेले. लग्नात मेकअपनं झाकलं. त्याला आता तीन वर्षं झाली, पण गालावरचे खड्डे तिथंच आहेत. मध्यंतरी तिनं मला विचारलं, ‘प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला कॅमेरा बंद ठेवला तर चालेल का गं?’ टीममधल्या बारा जणांना सांभाळणारी मुलगी! त्या दिवशी ठरवलं, यावर लिहायचंच.

मग जायचं कुठं?

त्वचारोगतज्ज्ञाकडे. तिथं होतं त्याला कुणी ‘मेडिफेशियल’ म्हणतं, पण काम वेगळं असतं. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे बुजलेल्या रंध्रात शिरू शकतं. म्हणून तेलकट त्वचेसाठी या ॲसिडचं पील वापरतात. काम काही मिनिटांचं, पण साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं काही सिटिंग्ज घ्यावी लागतात. नंतर सनस्क्रीन हवंच, नाहीतर डाग पडायची भीती. हल्ली मशीननं पाणी सोडून रंध्रं ओढून काढणारं हायड्राफेशियलही जोरात आहे. चेहरा छान तुकतुकीत दिसतो, पण औषधाची जागा ते घेत नाही.

मुख्य काम घरीच होतं. ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखी औषधं डॉक्टर देतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आपण कंटाळतो तिसऱ्या आठवड्यात आणि म्हणतो, ‘काही उपयोग नाही!’

एवढं लक्षात ठेवा

* बोर्डावर ‘स्किन क्लिनिक’ लिहिलंय म्हणून आत डॉक्टर असेलच असं नाही. त्वचारोगातली डिग्री बघा, बिनधास्त विचारा.
* डबीवर नाव नसलेलं ‘जादूचं’ क्रीम घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. चार दिवस चेहरा मस्त, मग पिंपल्स दुप्पट. सरकारनं २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.
* आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याचं वॅक्सिंग नको. आणि मुलींनो, या गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून मैत्रिणीच्या पर्समधून उसन्या घ्यायच्याच नाहीत.
* पाळी अनियमित आणि हनुवटीवर केसही वाढत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्या.
* लग्न, इंटरव्ह्यू जवळ आलाय? ऐनवेळी कुठलाही नवा प्रयोग नको.

पार्लरमधल्या मुलीवर माझा राग नाही. तिलाही महिन्याचं टार्गेट असतं, आपल्यासारखंच. डोक्याचा मसाज घ्या, पेडिक्युअर करा, तासभर डोळे मिटून पडा. दमलेल्या जिवाला ते हवंच असतं. फक्त पिंपल्सचा इलाज तिच्याकडे मागू नका. पिंपल जातो, खड्डा पूर्ण बुजवणं फार अवघड असतं. तेव्हा चेहऱ्यावर ठणकणाऱ्या गाठी येत असतील तर फेशियलचे पैसे बाजूला ठेवा आणि या शनिवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या!