अर्धशिशी आणि आपले गोळीचे धोरण

परीक्षा जवळ आल्या की "डोकं दुखतंय, घरी जाऊ का?" असे विचारायला येणारी मुले वाढतात. काहींना पेपर चुकवायचा असतो, हे आम्हीही जाणतो. पण ज्या मुलाचे डोके ठणकते, उजेड नि आवाज सोसत नाही, उलटी होते, ते मूल सोंग करीत नाही. ती अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. लहानपणी ती पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखते आणि दोन-तीन तासांत ओसरूही शकते. संध्याकाळी मूल खेळायला गेले की घरचे म्हणतात, "बघा, नाटक होतं!"

आपल्या घरांतले गोळीचे धोरणही मोठे चमत्कारिक आहे. मुलाला "सवय लागेल" म्हणून गोळी द्यायची नाही. आधी बाम, मग सुंठेचा लेप, मग आल्याचा चहा, आणि सगळे उपाय हरल्यावर रात्री अर्धी गोळी. त्याच घरातली आई मात्र औषधाच्या दुकानातून पट्टी आणून दिवसाआड एक गोळी गिळत असते, कोणाला न सांगता. आमच्या मते दोन्ही चूक.

अर्धशिशीत जठराचे काम मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी लवकर अंगी लागत नाही. डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन दुखणे सुरू होताच, पूर्ण मात्रेत द्यावे. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. साध्या गोळीने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली खास औषधे आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवायची, कारण हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत.

आता आईची गोळी. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांवर चालले तर त्या गोळ्यांपायीच डोके दुखू लागते. मग दुखते म्हणून गोळी, आणि गोळीमुळे दुखणे. अशा वेळी दुखणे येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधे असतात: प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि इथेच घोटाळा होतो. शेजारच्या काकू पट्टी वाचून सांगतात, "अगं, ही तर ब्लडप्रेशरची!" किंवा "ही वेड्यांची गोळी!" आणि दहाव्या दिवशी औषध बंद. एकच औषध दोन-तीन आजारांवर चालते, यात लपवण्यासारखे काय आहे? विचारायचेच तर डॉक्टरांना विचारावे. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि मूल होण्याच्या वयात टोपिरामेट टाळावे लागते, हे प्रश्न खरे महत्त्वाचे.

मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही रोजच्या गोळीची घाई करणार नाही. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि औषध नसलेली नुसती गोळी, तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांना चांगला उतार पडला. औषधाची सरशी दिसली नाही. तेव्हा आधी झोप, पाणी आणि वेळेवर खाणे. आमच्या इंदुरात पोह्यांना तोटा नाही, तरी सकाळच्या पाळीला कितीतरी मुले उपाशीपोटी येतात. उपाशी राहिले की जिचे डोके उठते, त्या मुलीला निर्जळी हरतालिका करायला लावणे आम्हांला मुळीच पटत नाही.

डोकेदुखी अचानक नि भयंकर असेल, सोबत ताप येऊन मान आखडली असेल, किंवा हातपाय लुळे वाटत असतील, तर गोळीत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

शाळेकडेही आमची एक मागणी आहे. ज्या पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि आपले पत्र दिले असेल, त्यांच्या मुलाची गोळी वर्गशिक्षकांकडे नाव घालून ठेवावी, आणि दुखणे सुरू होताच ती देऊन मुलाला अंधाऱ्या, शांत खोलीत तासभर पडू द्यावे. पुष्कळदा ते मूल पुढच्या तासाला वर्गात परत येते. पालकहो, असे पत्र देताना दुखण्याच्या तारखा, त्या दिवशीची झोप नि खाणे, आणि घेतलेल्या गोळ्या एका वहीत लिहायला सुरुवात करा. डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारतात.