दाखवलेला कोड आणि चालणारा कोड

आरोग्य सेतू ॲपचा कोड २६ मे २०२० रोजी गिटहबवर खुला झाला, तेव्हा दिल्लीतून त्याचे वर्णन शासनाच्या उदारतेचा दाखला म्हणून करण्यात आले. हे वर्णन खरे मानले, तर त्याआधीच्या आठ आठवड्यांचा इतिहास पुसावा लागतो. तो कोड उदारतेतून बाहेर आलेला नाही. वापरकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी केलेल्या विरोधामुळे तो बाहेर काढावा लागला. आणि जो बाहेर आला, तोही अपुरा होता.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी आणले. नाव, मोबाइल क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय आणि अलीकडील प्रवास एवढी माहिती ते नोंदणीच्या वेळीच घेत असे. त्यानंतर ब्लूटूथने शेजारच्या फोनची आणि जीपीएसने ठिकाणाची नोंद ठेवत असे. संसर्गाचा माग काढण्यासाठी शेजारी कोण होता हे कळणे पुरेसे असते. तो कुठे होता हे कळण्याची गरज असतेच असे नाही. जगभरच्या सांकेतिकीतज्ज्ञांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता. पण भारतात आक्षेप तपासून पाहण्याचीच सोय नव्हती, कारण सुरुवातीच्या अटींनी ॲपचे रिव्हर्स इंजिनिअरिंग करण्यास मनाई केली होती.

सक्ती मात्र लगेच आली. १ मेच्या आदेशाने गृह मंत्रालयाने सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना ॲप बंधनकारक केले. त्याच आठवड्यात नोएडात, म्हणजे दिल्लीच्या वेशीवर, पोलिसांनी फोनमध्ये ॲप नसणे हाच भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा ठरवला. ज्याच्या आतले काही पाहण्यास बंदी, ते जवळ नसेल तर शिक्षा! ज्या मजुराच्या खिशात साधा बटणांचा फोन होता, त्याने काय करावे याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. विदा संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष, माजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी या सक्तीला कायद्याचा कोणताही आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले. १७ मेच्या नव्या सूचनांत बंधन सैल होऊन ‘शक्य तितका प्रयत्न’ या भाषेवर आले. नऊ दिवसांनी कोड खुला झाला. त्या दिवशी वापरकर्ते ११ कोटींहून अधिक होते आणि त्रुटी दाखवणाऱ्यांना १ लाख रुपयांपर्यंतची बक्षिसे जाहीर झाली.

पण खुला झाला तो केवळ अँड्रॉइड ॲपचा कोड. ज्या सर्व्हरवर माहिती जमा होत होती, त्याचा कोड यायला नोव्हेंबर उजाडला. प्रकाशित कोड आणि प्ले स्टोअरवरची आवृत्ती जुळत नाही, अशी तक्रार कोड वाचणाऱ्यांनी वारंवार केली. ही तक्रार किरकोळ नव्हती. मुक्तस्रोताचा सारा अर्थच या एका प्रश्नात सामावलेला आहे.

प्रोग्रामर लिहितो तो मजकूर माणसाला वाचता येतो. फोनमध्ये उतरते ती त्यापासून बांधलेली फाइल असते, आणि ती वाचून समजत नाही. दोन्ही एकच आहेत याची खात्री करायची, तर कोणत्याही त्रयस्थाने तोच मजकूर घेऊन, तीच साधने वापरून फाइल बांधावी आणि ती मूळ फाइलशी बाइटगणिक जुळावी, अशी व्यवस्था लागते. डेबियनचे स्वयंसेवक कित्येक वर्षे हेच कष्टाचे काम करीत आहेत. ही व्यवस्था नसेल तर काय होते, हे मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या, पण असंख्य लिनक्स यंत्रणांत वसलेल्या साधनाने दाखवले. त्यात चोरदार बसवण्यात आले होते. ते उघडणारा निर्णायक तुकडा सार्वजनिक कोडभांडारात नव्हताच. तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो, या एका अभियंत्याच्या चिकित्सेमुळे तो सापडला. भांडाराकडे बोट दाखवून ‘पाहा, सगळे उघडे आहे’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा मुळातून वाचावे.

साथीच्या घाईत यापेक्षा वेगळे शक्य नव्हते, हा बचाव जर्मनीच्या उदाहरणापुढे टिकत नाही. तेथेही सरकारने आधी माहिती एका केंद्रात साठवण्याचा बेत आखला होता. शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, आणि एप्रिल २०२० च्या अखेरीस सरकारने रचनाच बदलून नोंदी फोनमध्येच ठेवण्याचे ठरवले. त्यांच्या ॲपचा कोड ॲप येण्यापूर्वीच लोकांसमोर होता. ते १६ जूनला आले आणि अखेरपर्यंत ऐच्छिक राहिले. तेथे विरोधाला आराखड्यात जागा मिळाली. येथे त्याला संशयखोरपणा म्हटले गेले.

वापरकर्त्यांचा रोष नेहमीच न्याय्य असतो असे मुळीच नाही. रात्री जागून फुकट काम करणाऱ्या एकट्या स्वयंसेवकावर, एखादे बटण हलवले म्हणून तुटून पडणारे लोक मुक्तस्रोताच्या जगाला लाज आणतात. पण ज्याच्यामागे पोलिसांचे कलम उभे आहे तो स्वयंसेवक नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये न पटणारा बदल झाला, तर वापरकर्ता कोडाची प्रत घेऊन वेगळी वाट धरू शकतो, आणि निर्मात्यावर वचक राहतो तो त्यामुळेच. आरोग्य सेतूच्या कोडाला अपाची परवाना होता, म्हणजे कागदावर हा हक्क प्रत्येकाला होता. वेगळी वाट धरून जायचे कुठे? विमानतळावर आणि कचेरीच्या दारात मागितले जात होते ते सरकारी ॲपच.

ऑक्टोबर २०२० मध्ये तर केंद्रीय माहिती आयोगाला सूचना विज्ञान केंद्रावर कारणे दाखवा नोटीस बजावावी लागली, कारण ॲप कोणी बनवले या माहिती अधिकारातील प्रश्नाला त्याने धड उत्तर दिले नव्हते. संकेतस्थळावर निर्माता म्हणून नाव याच केंद्राचे होते. सरकारी ॲपचा कोड खुला करून सहकार्याने विकास करण्याचे केंद्राचे स्वतःचे धोरण २०१५ पासून अस्तित्वात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रकार केवळ विनोदी राहत नाही.

पुढे २०२२ मध्ये साथीचे हे ॲप आयुष्मान भारतच्या आरोग्य खात्याचा क्रमांक काढण्यासाठी वापरले जाऊ लागले. संसर्गाच्या भीतीने, काहींनी तर दंडाच्या धाकाने, घेतलेल्या ॲपचा हेतूच असा बदलला. संपर्काचा माग काढण्याची सोय बंद केली असून त्यातून जमलेली माहिती पुसली आहे, असे सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितले. सर्व्हरवरची माहिती पुसली गेली की नाही, हे गिटहबवरचा कोणताही कोड वाचून कळत नाही.