जॅझचें सोंवळें

१९६० नंतरच्या दशकांत जॅझ संगीताचें जें रूपांतर झालें, त्यास भ्रष्टाचार म्हणण्याची चाल रसिकांच्या एका वर्गांत पडली आहे. ब्राझीलचा सांबा आला, हिंदुस्थानचा राग आला, शेवटीं रॉकचीं विजेचीं वाद्यें आलीं, आणि या गर्दींत मूळचें शुद्ध जॅझ गुदमरून मेलें, असा या मंडळींचा विलाप आहे. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

शुद्ध जॅझ म्हणजे तरी कोणतें? अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांचे ब्लूज, रॅगटाइमचा पियानो, पितळी वाद्यांचे बँड, चर्चमधील स्तोत्रें आणि कॅरिबियन बेटांचे ताल यांच्या मिलाफांतून न्यू ऑर्लीन्स शहरीं जें जन्मास आलें, त्याचें सोंवळें सांभाळावयास निघणें म्हणजे संगमावर उभें राहून पाण्याची जात विचारणें होय. डिझी गिलेस्पीनें १९४७ सालींच चानो पोझो या क्यूबन तालवादकास आपल्या वाद्यवृंदांत आणून बसविलें होतें. साठीच्या दशकांतील कलावंतांनीं नवें पाप केलें नाहीं. घरचा कुळाचारच त्यांनीं पुढें चालविला.

परंतु म्हणून प्रत्येक मिश्रण वंदनीय ठरतें, असेंहि नव्हे. ‘दोन संस्कृतींचें मीलन’ एवढे शब्द कानीं पडतांच टाळ्या पिटणाऱ्यांचा दुसरा एक पंथ आहे, व तोहि तितकाच आंधळा आहे. आमच्या मतें कसोटी एकच: आलेला पाहुणा ओसरीवर शोभेस बसविला, कीं माजघरांत घेतला?

जॉन कोल्ट्रेनचें उदाहरण घ्या. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हें ब्रॉडवेच्या नाटकांतील साधें गीत त्यानें १९६० सालीं ध्वनिमुद्रित केलें, तेव्हां झपाट्यानें बदलणाऱ्या स्वरसंघातांची वाट सोडून तो एकाच स्वराधारावर ठाण मांडून विस्तार करीत राहिला. पुढल्याच वर्षीं वाजविलेल्या ‘इंडिया’ या रचनेंत सतार नाहीं, तबला नाहीं. दोन डबल बेस खालीं आधार धरून आहेत आणि त्यावर सॅक्सोफोन चढत जातो. रागसंगीताचा पोषाख न घेतां त्यांतील स्वरविस्ताराचें तत्त्व त्यानें पायांत घातलें. यास आम्ही माजघरांत घेणें म्हणतों.

आतां उलट बाजू पाहा. स्टॅन गेट्झ आणि जुआंव जिल्बेर्तो यांची १९६४ ची तबकडी खरोखर गोड आहे. १९६५ चें ग्रॅमी पारितोषिक तिला उगाच मिळालें नाहीं. तिच्यांतील ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ या गीताचा आरंभ जुआंवच्या पोर्तुगीज गायनानें होतो. परंतु तेंच गीत सुट्या छोट्या तबकडीवर विकावयास काढतांना त्याचा आवाज कापून टाकला गेला व अॅस्ट्रडचें इंग्रजी गायन तेवढें राहिलें. ज्याच्या घरचें गाणें, तोच दाराबाहेर! ही कात्री शुद्धतेच्या कैवाऱ्यांची नव्हती, बाजाराची होती.

कोणी म्हणेल, माइल्स डेव्हिसनें १९६९ च्या ऑगस्टमध्यें ‘बिचेस ब्रू’ ध्वनिमुद्रित केलें, तेंहि बाजारासाठींच नव्हे काय? आम्ही विचारतों: ग्राहकाची खुशामत करणारा मनुष्य जवळजवळ सत्तावीस मिनिटांची एकच रचना त्याच्यापुढें ठेवील काय? विजेवर चालणाऱ्या पियानोंचा गहन कल्लोळ, आणि टीओ मासेरोनें फिती कापून व जोडून सिद्ध केलेली बांधणी, हा कांहीं सोपा माल नव्हे. रॉकपासून येथें नाद व जोर घेतला आहे. त्याचा आटोपशीर घाट मात्र घेतलेला नाहीं.

हीच कसोटी आपल्या घरींहि लावली पाहिजे. १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं रईस खानांची सतार घेऊन ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. धाडस मोठें, वादक कसलेले. परंतु एका तबकडींत अकरा राग बसविले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास मिनिटें तीं किती येणार? रागाचा चेहरा दिसतो. त्याचा स्वभाव उलगडण्यापूर्वींच तो निरोप घेतो. हें आपलें म्हणून त्यास सूट देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

सोंवळेकरी मंडळींवर आमचा राग आहे तो एवढ्याचसाठीं. सर्वच मिश्रणास विटाळ ठरविल्यानें कोल्ट्रेनची तपश्चर्या आणि विक्रेत्याची कात्री त्यांच्या हिशेबीं एकाच पंक्तीस बसतात, व श्रोत्याची निवड करण्याची शक्ति बोथट होते. तबकडी लावतांना तींत काय काय मिसळलें आहे एवढेंच मोजूं नये. जें आलें, त्यानें मूळच्या संगीताची चाल बदलली कीं नाहीं, आणि ज्याचें घेतलें त्याचा आवाज अजून ऐकूं येतो कीं नाहीं, हें कान देऊन पाहावें.